दुधात अफ्लाटॉक्सिन सापडलं: पेंड, मका आणि बाइंडर यांचा हिशेब

एका दूध उत्पादकाचा प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा दुभत्या संकरित गाई, सरासरी 14 लिटर दूध. गाईमागे रोज 3 किलो घरच्या मक्याचा भरडा, 2 किलो सरकी पेंड, 1 किलो शेंगदाणा पेंड आणि 20 किलो मूरघास. संकलन केंद्रावर दुधात अफ्लाटॉक्सिन एम1 (धान्य-पेंडीवरच्या बुरशीने केलेल्या विषाचं दुधात उतरणारं रूप) किलोला 0.9 मायक्रोग्रॅम निघालं आणि दूध नाकारलं गेलं. गाई नीट खातात, रवंथ करतात, आजारी एकही नाही. मका परतीच्या पावसात भिजला होता, काही दाणे काळे आहेत. दोष मक्याचाच का? धुऊन वाळवून तो चालेल का? टॉक्सिन बाइंडर, म्हणजे पोटात विष धरून ठेवणारी भुकटी, घातला की भागेल का? आणि त्याच मक्याच्या भाकरी घरात चालू आहेत, त्याचं काय?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. तपासणीचा अहवाल हातात येईपर्यंत त्या मक्याची भाकरी बंद करा. काळे दाणे वेचून उरलेला दळायचा, हा तोडगासुद्धा नको. का, ते पुढे येईल.

आता गोठा. आज संध्याकाळच्या खुराकापासून शेंगदाणा पेंड आणि तो मका पूर्ण थांबवा. विषाच्या बाबतीत हळूहळू कमी करण्यात काहीच फायदा नाही. शेंगदाणा पेंडीऐवजी तेवढीच सोयाबीनची डीओसी (तेल पूर्ण काढलेली पेंड) देता येते. प्रथिनं जवळपास सारखी आहेत आणि सोयाबीनवर अफ्लाटॉक्सिनची बुरशी शेंगदाण्याच्या मानाने फारच कमी विष करते. मक्याच्या जागी बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) मानकाचं पशुखाद्य आणा, त्यात अफ्लाटॉक्सिन बी1 ची, म्हणजे खाद्यातल्या मूळ विषाची, मर्यादा 20 पीपीबी (किलोमागे 20 मायक्रोग्रॅम) आहे. जुनं काढणं एका दिवसात करायचं, नवं मात्र चार-पाच दिवसांत वाढवत न्यायचं, नाहीतर पोट बिघडेल. या काळात दूध थोडं उतरेल, ते सोसावं लागेल. मक्याऐवजी गव्हाचा भरडा एकदम टाकू नका, तो कोठीपोटात फार वेगाने आंबतो.

गाईने विष खाल्ल्यावर पुढच्या धारेपासूनच, म्हणजे 12 ते 24 तासांत ते एम1 होऊन दुधात दिसू लागतं. खाणं थांबलं की तीन ते पाच दिवसांत दूध स्वच्छ होतं. म्हणून दुधाचा पुढचा नमुना पाचव्या दिवशी द्या. दुसऱ्या दिवशी तपासून ‘फरक पडला नाही’ म्हणत मूरघासाला दोष देण्याची घाई होते. पाचव्या दिवशीही आकडा हललेला नसेल, तर उगम तुम्ही काढलेल्या वस्तूंत नाही. मग सरकी पेंड बाहेर काढायची.

या पाच दिवसांतलं दूध वासरांना पाजू नका. लहान जनावराचं यकृत हे विष मोठ्या गाईपेक्षा कमी सोसतं. उकळून उपयोग नाही, पाश्चरीकरणानेही एम1 जात नाही. पनीर तर मुळीच करू नका. एम1 दुधातल्या केसीन या प्रथिनाला चिकटतं, त्यामुळे पनीरमध्ये ते दुधाच्या कित्येक पट घट्ट होतं. खव्यात पाणी उडून तेच होतं. तुपात फार थोडं जातं, पण मग खाली उरलेल्या ताकात ते असतंच.

आता हिशेब. अहवाल वाचण्यापूर्वी एकक बघा, कारण गोंधळ तिथेच होतो. दुधाचा आकडा कधी पीपीबीत, कधी पीपीटीत, कधी लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये छापतात. 0.5 पीपीबी म्हणजेच 500 पीपीटी, आणि भारतात एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) दुधासाठीची मर्यादा तीच आहे: किलोला 0.5 मायक्रोग्रॅम. युरोपात ती 0.05 आहे, दहापट कडक. तुमचं दूध 0.9 वर आहे, म्हणजे आपल्या मर्यादेच्या जवळपास दुप्पट.

गाय जितकं बी1 खाते त्याचा साधारण 1 ते 3 टक्के भाग एम1 होऊन दुधात उतरतो. जास्त दूध देणाऱ्या गाईत हे प्रमाण 6 टक्क्यांपर्यंतही जातं. तुमच्या गाईंसाठी 2 टक्के धरू. 14 लिटरला 0.9 या हिशेबाने रोज सुमारे 12.6 मायक्रोग्रॅम एम1 बाहेर पडतंय. त्याला 50 ने गुणलं की गाय रोज सुमारे 630 मायक्रोग्रॅम बी1 खाते आहे. एवढं सगळं एकाच वस्तूतून येत असेल, तर 3 किलो मक्यात ते 210 पीपीबी भरेल, 2 किलो सरकी पेंडीत 315, आणि 1 किलो शेंगदाणा पेंडीत 630. यातला कुठलाच आकडा अशक्य नाही. तरी पहिला संशय शेंगदाणा पेंडीवर धरावा असं माझं स्पष्ट मत आहे, जरी डोळ्यांना मका काळा आणि पेंड सोनेरी दिसत असली तरी.

त्याचं कारण पेंड बनते कशी त्यात आहे. खाण्याच्या बाजारासाठी दाणा निवडताना सुरकुतलेले, डागाळलेले, फुटके दाणे बाजूला काढतात. विष बहुतांश त्याच दाण्यांत असतं आणि ते गाळपाला जातात. गाळपात तेलाबरोबर विषाचा लहानसा भाग जातो, बाकीचं सगळं पेंडीत राहतं. शिवाय दाण्याच्या वजनातला 40 टक्क्यांहून जास्त भाग तेल म्हणून निघून गेल्यामुळे उरलेल्या पेंडीत विष जवळपास दुप्पट घट्ट होतं. अफ्लाटॉक्सिनचा शोधच पेंडीमुळे लागला. 1960 साली इंग्लंडमध्ये टर्कीची सुमारे एक लाख पिल्लं मेली, आणि खाद्यातली ब्राझीलहून आलेली शेंगदाणा पेंड त्याचं मूळ निघाली.

हीच गोष्ट मक्याच्या डीडीजीएसची, म्हणजे इथेनॉल काढल्यावर उरणाऱ्या वाळवलेल्या चोथ्याची. मक्यापासून इथेनॉल वाढल्यापासून हा माल पशुखाद्यात स्वस्तात मिळू लागला आहे. 100 किलो मक्यातला स्टार्च आंबून गेला की जेमतेम 30 किलो डीडीजीएस उरतं, आणि विष आंबत नाही. म्हणजे 20 पीपीबीच्या मक्याचं डीडीजीएस 60 च्या आसपास जातं. स्वस्त आहे म्हणून तपासणीशिवाय कधीही घेऊ नका.

सरकी पेंडीत प्रश्न बोंडापासून सुरू होतो. बोंड उमलल्यावर पाऊस पडला किंवा बोंडअळीने भोक पाडलं की बुरशीला आत वाट मिळते. नंतर ओल्या सरकीचे ढीग तापतात. पेंड विकत घेताना आत हात घालून बघा. गरम लागली, ढेकळं हाताने फुटत नसली किंवा कुबट वास आला, तर परत करा. मात्र थंड, कोरडी आणि चांगल्या वासाची पेंड निर्विष आहे असं त्यातून सिद्ध होत नाही.

बुरशी आणि विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि हे एकदा पक्कं बसलं की पुढचे सगळे निर्णय सोपे होतात. बुरशी जिवंत असते. तिला ओल, ऊब, हवा लागते, ती उन्हाने सुकते, उष्णतेने मरते. विष हा तिने मागे सोडलेला रासायनिक पदार्थ आहे. बुरशी मेली, झटकली, धुतली, तेलात दिसेनाशी झाली तरी तो दाण्याच्या आतच असतो. अफ्लाटॉक्सिन मोडायला 237 अंश सेल्सिअसच्या वर तापमान लागतं. भाकरीच्या आतला भाग 100 अंशांच्या पुढे जात नाही.

रंगावरूनही फसगत होते. अफ्लाटॉक्सिन करणारी अस्परजिलस फ्लेवस पोपटी-हिरवट ते पिवळसर दिसते. कणसावरची काळी भुकटी बहुतेक वेळा तिच्या दुसऱ्या भावंडाची, अस्परजिलस नायजरची असते. गुलाबी-पांढरी कापसासारखी वाढ फ्युजेरियम या वेगळ्या बुरशीची. म्हणजे तुमचा काळा मका कदाचित अफ्लाटॉक्सिनचा उगम नसेलही. पण ज्या ओलीने काळी बुरशी वाढवली, तिने हिरवीही वाढवली असण्याची शक्यता मोठी आहे. भरडलेला मका अंधारात 365 नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धरला की काही कण हिरवट-पिवळे चमकतात. ही चमक विषाची नसते, त्याच बुरशीच्या दुसऱ्या एका द्रव्यामुळे ती येते. म्हणून दिवा फक्त ‘हा माल प्रयोगशाळेत पाठवा’ एवढंच सांगू शकतो. चमक नाही म्हणून माल सुटला, असं नाही.

सर्वांत जास्त चूक नमुना घेण्यात होते, आणि चुकीच्या नमुन्यावर महागडी तपासणी केली तरी ती वाया जाते. हे विष मालात सारखं पसरलेलं नसतं. हजारो दाणे स्वच्छ असतात आणि एखादाच भरलेला असतो. शेंगदाण्याच्या एकेका दाण्यात प्रचंड प्रमाण मोजलं गेलं आहे. अर्ध्या ग्रॅमच्या एका दाण्यात अर्धा मिलिग्रॅम विष असेल, तर तो एकटा दाणा 25 किलो मालाला 20 पीपीबीवर नेतो. वरच्या पोत्यातून मूठभर दाणे घेतले तर तो दाणा मुठीत येणार नाही आणि अहवाल ‘आढळले नाही’ असा येईल. किंवा तो येईल आणि आकडा विनाकारण आभाळाला भिडेल.

तुमच्याकडे समजा 50 पोती मका आहे. प्रत्येक पोत्यातून टोकदार नळीने वर, मध्ये, तळाला मिळून 100 ग्रॅम काढा. 5 किलो होईल. तो सगळाच्या सगळा भरडा. इथे काटकसर करून ‘अर्धा किलोच दळतो’ म्हटलं की सगळं बिघडतं, कारण दाणे विभागले जातात तसं विषही विभागलं जातं. पिठात ते पसरतं. दळण जितकं बारीक तितकं चांगलं. मग ताडपत्रीवर ढीग करून नीट कालवा, चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढा. पुन्हा कालवा, पुन्हा चार भाग. अर्धा किलो उरेपर्यंत हे करा. त्यातलं निम्मं प्रयोगशाळेला, निम्मं तारीख घालून फ्रीजरमध्ये. दाणे ओलसर असतील तर प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून दोन दिवस प्रवासाला पाठवू नका, वाटेतच बुरशी वाढेल. आधी वाळवा, कागदी किंवा कापडी पिशवीत भरा. दळताना नाकातोंडाला चांगला मास्क हवा, आणि ती चक्की झाडून पुसून घेतल्याशिवाय त्यावर घरचं दळण नको.

पेंडीच्या बाबतीत प्रत्येक वेगळी खेप म्हणजे वेगळा माल. मागच्या महिन्याचा अहवाल या महिन्याच्या पेंडीला लागू होत नाही.

कुठली तपासणी? झटपट पट्टीची चाचणी 10-15 मिनिटांत होते आणि खरेदीच्या वेळी ‘घ्यायचं की नाही’ ठरवायला पुरते. एलायझा ही प्रयोगशाळेतली चाचणी त्याहून बरी. वाद झाला किंवा कागद कुणाला दाखवायचा असेल तर एचपीएलसी किंवा एलसी-एमएस ही यंत्रावरची अचूक तपासणी लागते, ती मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतूनच करा. खाद्यासाठी ‘बी1’ स्वतंत्र मागा. ‘एकूण अफ्लाटॉक्सिन’ म्हणजे बी1, बी2, जी1, जी2 यांची बेरीज, आणि दुधातलं एम1 फक्त बी1 पासून होतं.

अहवाल आले की कागदावर बेरीज करा. दुधात 0.5 च्या काठावर राहायचं नाही, निम्म्याचं, म्हणजे 0.25 चं लक्ष्य ठेवा. तुमच्या 14 लिटरच्या गाईला रोज 175 मायक्रोग्रॅम बी1 पर्यंत हे जमतं. उदाहरणार्थ मका 12 पीपीबी असेल तर 3 किलोचे 36, सरकी पेंड 40 पीपीबी असेल तर 2 किलोचे 80, शेंगदाणा पेंड 50 पीपीबी असेल तर तिचे 50. एकूण 166. चाललं. शेंगदाणा पेंड 200 निघाली तर तिचा एक किलोच सगळा कोटा खाऊन वर जातो. अशी पेंड अर्धी करण्यापेक्षा परत केलेली बरी.

मूरघासाला या प्रकरणात मी शेवटचा नंबर देतो. नीट दाबलेल्या, हवा काढलेल्या आंबट मूरघासात ही बुरशी वाढत नाही, शेतातच कणसात तयार झालेलं विष मात्र त्यात टिकून राहतं. पिशवी उघडल्यावर हवा लागते आणि तोंडाशी माल गरम होतो. तिथे पेनिसिलियम आणि इतर बुरश्यांची वेगळी विषं होतात, दुधाच्या एम1 चाचणीत ती दिसत नाहीत. तुमच्या बारा गाईंना दिवसाला 240 किलो लागतं, म्हणजे 500 किलोची पिशवी दोन दिवसांत संपते. हा आकार योग्य आहे. गरम, निळसर-पांढऱ्या गाठींचा भाग सापडला तर त्याच्याभोवतीचा वीतभर मालही काढून टाका.

आता बाइंडर. चिकणमातीचे बाइंडर, म्हणजे बेंटोनाइट किंवा एचएससीएएस, अफ्लाटॉक्सिनला आतड्यात धरून शेणावाटे बाहेर नेतात, हे खरं आहे. या रेणूचा चपटा आकार मातीच्या थरांत नेमका बसतो. गाईला रोज 50 ते 100 ग्रॅम खुराकात कालवून दिल्यास दुधातलं एम1 साधारण एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत उतरू शकतं. तुमच्या 0.9 मधून निम्मं गेलं तर 0.45 राहतं, म्हणजे नियमात बसलं पण काठावर. पुढची पेंड थोडी जास्त खराब आली की पुन्हा बाहेर. म्हणून बाइंडर हा आधार आहे, उपाय नाही. उगम काढल्यानंतर पावसाळा आणि त्यापुढचे दोन महिने तो चालू ठेवायला हरकत नाही.

बाइंडर घेताना पाकिटावरचं वाक्य बघू नका, आत काय आहे ते बघा. ‘सर्व बुरशीविषांवर’ असा दावा असेल तर सावध व्हा. मातीचा बाइंडर अफ्लाटॉक्सिनवर उत्तम, पण फ्युजेरियमच्या डीऑक्सिनिव्हॅलेनॉल या विषावर जवळपास निरुपयोगी असतो. यीस्टच्या पेशीभित्तिकेचे बाइंडर झिअरॅलेनोनसारख्या दुसऱ्या बुरशीविषांसाठी वापरतात, अफ्लाटॉक्सिनसाठी माती सरस. कोळशाची सक्रिय भुकटी विषासोबत जीवनसत्त्वंही धरते, रोज देण्याची ती वस्तू नव्हे. बोअरवेलच्या किंवा बांधकामाच्या कामाचं बेंटोनाइट स्वस्त मिळतं म्हणून जनावराला कधीच घालू नका, त्यात जड धातू असू शकतात. पाण्यात ढवळून देऊ नका, तळाशी बसतं आणि कुणाला किती गेलं ते कळत नाही. आंबोणात कालवा.

बुरशीरोधक ही वेगळी वस्तू आहे आणि दुकानात दोन्हींची सरमिसळ होते. प्रोपिऑनिक आम्ल किंवा त्याचे क्षार टनाला साधारण 1 ते 3 किलो घातले की नवी बुरशी थांबते. आधीच तयार झालेल्या विषाला ते हातही लावत नाहीत.

धुणं, पुन्हा ऊन देणं, भाजणं, चुना लावणं, चांगल्या मक्यात मिसळणं, यातलं काहीही मी सुचवणार नाही. धुण्याने वरची भुकटी जाते, ओल वाढते, आणि वाळायला उशीर झाला तर विष वाढतं. चाळणीचा मात्र खरा उपयोग आहे. फुटके दाणे, चुरा, धूळ यांत विषाचं प्रमाण सर्वांत जास्त असतं. काठावरचा, म्हणजे समजा 25-30 पीपीबीचा मका चाळून, वारा देऊन, पुन्हा तपासून पाहण्यासारखा आहे. 200 चा नाही. अमोनियाच्या दाबाखाली विष मोडण्याची पद्धत आहे, पण ती कारखान्याची गोष्ट आहे. युरिया शिंपडून घरी त्याची नक्कल करू नका.

आणि एक कळकळीची विनंती: गाईला नको म्हणून तो मका कोंबड्यांना, शेळ्यांना किंवा वासरांना घालू नका. गाय कोठीपोटातल्या जिवाणूंमुळे बऱ्याच गोष्टी सोसते, म्हणूनच तुमच्या गाई निरोगी दिसतात. बदकाची पिल्लं आणि टर्की सर्वांत नाजूक, कोंबडी त्यांच्याहून बरी पण गाईहून कितीतरी कमजोर. खराब मक्यावर वाढलेल्या ब्रॉयलरचं वजन मागे पडतं, यकृत फिकट पिवळं आणि ठिसूळ होतं, कातडीखाली रक्त साकळतं. लस देऊनही रोग येतो तेव्हा लसीला दोष दिला जातो, पण प्रतिकारशक्ती विषाने आधीच दाबलेली असते. गाईतही हे हळू चालतं: वारंवार कासदाह, गाभण न राहणं, दूध कमी. या प्रत्येकाला दुसरी कारणंही असतात, म्हणून फक्त लक्षणांवरून निदान करता येत नाही.

मक्याचं पुढच्या हंगामाचं बोलू, कारण सगळ्यात मोठा फरक तिथे पडतो. कणीस भरताना पाण्याचा ताण आणि उष्णता असेल तर ही बुरशी शेतातच आत शिरते, अळीने पोखरलेल्या कणसात जास्त. म्हणून कणीस भरण्याच्या काळात एखादं संरक्षित पाणी देता आलं तर द्याच. काढणीच्या वेळी दाण्यात 20 ते 25 टक्के ओल असते. परतीच्या पावसाच्या भीतीने कणसं तोडून ताडपत्रीखाली उंच ढीग घालतात आणि चार-पाच दिवस झाकून ठेवतात. नेमका हाच काळ घातक. ओला ढीग स्वतःच तापतो, 25 ते 35 अंश ही या बुरशीची आवडती ऊब आहे, आणि दोन-तीन दिवसांत विष तयार व्हायला लागतं. ढीग घालावाच लागला तर तो गुडघ्याच्या वर जाऊ देऊ नका, ताडपत्री दांड्यांवर उचलून धरा म्हणजे खालून वारा वाहील, आणि पाऊस थांबला की लगेच उघडा.

मळणी 18 टक्क्यांच्या खाली ओल आल्यावरच करा. ओला दाणा यंत्रात फुटतो आणि फुटक्या दाण्यावर बुरशी सर्वांत आधी बसते. मळल्यावर ताडपत्रीवर 4-5 सेंटिमीटरचाच थर, दर तासाला फिरवणं, सूर्य उतरायच्या आत गोळा करून झाकणं, कारण दव पडलं की दिवसाची मेहनत फुकट. ऑक्टोबरच्या चांगल्या उन्हात दोन ते चार दिवस लागतात. 13 टक्क्यांवर थांबा. वजन घटतं म्हणून लोक आधीच थांबतात, त्याचा हिशेब असा: 22 टक्के ओलीचे 100 किलो 13 टक्क्यांवर आले की साधारण 90 किलो भरतात. हे दहा किलो पाणीच होतं.

ओलावा मापक नसेल तर मिठाची चाचणी करा. पूर्ण कोरडी काचेची बाटली घ्या, तिचा एक तृतीयांश भाग दाण्यांनी भरा, त्यात दोन चमचे कोरडं बारीक मीठ टाका, झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं स्थिर ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल 15 टक्क्यांच्या वर आहे. मीठ सुटं राहिलं तर 15 च्या खाली आहे, पण म्हणून 13 झाली असं नव्हे. आणखी एक दिवस ऊन द्या. पावसाळी दमट दिवशी मीठच ओलं होतं, आधी तव्यावर परतून गार करून घ्या.

पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून दीड फूट दूर. गरम धान्य उन्हातून उचलून थेट पोत्यात भरू नका, रात्री गार झालं की वरच्या थरात पाणी साचतं. हवाबंद पिशव्या उत्तम आहेत, भुंगा मरतो आणि बुरशीला हवा मिळत नाही, पण फक्त 13 टक्क्यांच्या धान्यासाठी. शेंगदाण्याला हीच शिस्त, आकडे वेगळे: दाणा 7 टक्क्यांपर्यंत वाळवायचा. उपटलेली झाडं शेंगा वर आणि पाला खाली अशी उलटी ठेवली की शेंगांना वारा लागतो. शेवटच्या तीन-चार आठवड्यांत जमिनीला भेगा पडू देऊ नका, शेंगेत बुरशी शिरण्याचा तो मुख्य काळ. फुलोऱ्यात हेक्टरी 400 किलो जिप्सम दिल्याने टरफल भक्कम होतं आणि त्याचाही उपयोग होतो.

घरच्या ताटाकडे येतो. धान्यासाठी एफएसएसएआयची मर्यादा 15 पीपीबी आहे. 1974 च्या पावसाळ्याच्या अखेरीस राजस्थानातल्या बांसवाडा आणि गुजरातमधल्या पंचमहाल भागात, म्हणजे आदिवासी आणि मका खाणाऱ्या टापूत, भिजलेला मका खाऊन 397 जण कावीळ आणि पोटात पाणी होऊन आजारी पडले, 106 जण गेले. त्याच घरांतली कुत्रीही मेली. तिथल्या मक्यात 6,250 ते 15,600 पीपीबी विष होतं, आजच्या मर्यादेच्या चारशे ते हजार पट. तुमच्या मक्यात असं काही असेल असं मला वाटत नाही. पण थोडं थोडं रोज खाणं यकृताच्या कर्करोगाकडे नेतं, आणि घरात कुणाला हिपॅटायटिस बी असेल तर धोका कित्येक पटींनी वाढतो. म्हणून भाकरी बंद म्हटलं.

शेंगदाणे घरात निवडताना सुरकुतलेले, डागाळलेले, फुटके, आतून पिवळट-करडे दाणे सरळ फेका. कडवट लागलेला दाणा गिळू नका. निवडण्याने इथे खरंच बहुतांश विष निघून जातं, मक्यात तसं होत नाही, कारण मक्यात धड दिसणारा दाणाही भरलेला असू शकतो. घाण्यावर तेल काढायला देताना निवडलेलेच दाणे द्या. घाण्याच्या तेलाचं रिफायनिंग होत नाही, त्यामुळे दाण्यातला विषाचा काही अंश तेलात येतो. वेचून काढलेले खराब दाणे घाण्यावर देणं, ही काटकसर घराच्या पोटात जाते. सुक्या लाल मिरचीत, विशेषतः जमिनीवर ओलसर वाळवलेल्या आणि देठाजवळ काळ्या पडलेल्या मिरचीत, हेच विष असतं आणि पूड झाल्यावर काहीच दिसत नाही. मिरची अख्खी घ्या, फोडून बिया बघा, मग कुटा.

पावसात सापडलेली ज्वारी आणि मका यांत फ्युजेरियमचं फ्युमोनिसिन हे विष असू शकतं. 1995 मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत अशा धान्याने पोटदुखी आणि जुलाबाची साथ आली होती. बाजरीच्या कणसात अरगट हा बुरशीचा रोग असेल तर दाण्याऐवजी काळपट लांबट गाठी दिसतात. 20 टक्के मिठाच्या पाण्यात बाजरी बुडवली की त्या तरंगतात. वर आलेलं काढून, खालची बाजरी दोन-तीनदा गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. हा उपाय अरगटाला चालतो कारण त्याची गाठच हलकी असते. अफ्लाटॉक्सिनला तो लावू नका.

हे फक्त एका गोठ्याचं दुखणं नाही. एफएसएसएआयच्या 2018 च्या देशव्यापी दूध पाहणीत 6,432 नमुन्यांपैकी 368 मध्ये एम1 मर्यादेबाहेर निघालं. त्याचं मूळ खाद्य आणि चाऱ्यात आहे, दुधात कुणी ते घालत नाही. म्हणून पेंड विकणाऱ्याकडे प्रत्येक खेपेचा बी1 चा आकडा मागा. चार-पाच दूध उत्पादकांनी मिळून एकच खेप घेतली, वर सांगितल्याप्रमाणे नमुना काढला, तर तपासणीचा खर्च टनामागे परवडतो. बिलावर ‘बी1 20 पीपीबीपेक्षा कमी, न भरल्यास माल परत’ हे लिहून घ्या. शेंगदाणा पेंड या अटीवर मिळाली नाही तर 50 पर्यंत मान्य करा, मात्र गाईमागे अर्ध्या किलोच्या वर नको.

तुमच्या मक्याचा अहवाल 20 पीपीबीच्या आत आला तर गाईंना परत सुरू करा. 20 ते 50 असेल तर चाळून, पुन्हा तपासून, फक्त भाकड गाईंना, तेही बाइंडरसह. गाभण कालवडींना नाही. 50 च्या वर असेल तर व्यापाऱ्याला न सांगता विकू नका, तो कोणाच्या तरी खुराकात किंवा पिठात जाईल. शेणखताच्या खड्ड्यात शेणाबरोबर थर देऊन कुजवा, वर मातीचा थर टाका, कोंबड्या तिथे उकरणार नाहीत असं बघा. रिकामी पोती पुन्हा धान्याला वापरू नका. भरड्याची टाकी, गव्हाणीचे कोपरे आणि चक्कीचा तळ खरवडून कोरडे करा, जुना चिकटलेला चुरा नव्या खाद्याला पहिल्याच दिवशी बुरशी लावतो. त्यानंतर दुधाची तपासणी पाचव्या दिवशी, पंधराव्या दिवशी, आणि नवी पेंड सुरू केल्यावर प्रत्येक वेळी पाच दिवसांनी.